लाटेची कोणती प्रत खरी?

मंडळी, पडद्यावर जपानी चित्रकार होकुसाईची लाट आहे, लाकडी ठशावरून कागदावर छापलेलं चित्र, आणि तिच्या शेजारी पुन्हा तीच लाट. डावीकडे वरती चित्राचं नाव लिहिलेली उभी चौकट आहे ना, तिची रेषा पहिल्या प्रतीत सलग आहे. दुसरीत ती तुटलीय. दोन्ही प्रती एकाच ठशावरच्या, फक्त दुसरी बरीच नंतर छापलेली. चेरीचं लाकूड टणक खरं, पण हजारो वेळा कागद दाबला की बारीक रेषा झिजतात, तुटतात. अभ्यासक या तुटलेल्या रेषांवरूनच प्रतींचा क्रम लावतात.

मग मूळ चित्र कुठे आहे? तर ते उरलेलंच नाही! साधारण १८३१मध्ये होकुसाईनं ही लाट पातळ कागदावर काढली. कोरणाऱ्यानं तो कागद लाकडावर पालथा चिकटवला आणि त्याच्यावरूनच कोरलं. ढलप्यांबरोबर चित्रही गेलं. प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा अशा चौघांच्या हातून ती लाट आपल्यापर्यंत आली. नाव मात्र एकाचंच लक्षात राहिलं, आणि मला ते फार खटकतं.

आता हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराचा पाऊस बघा. १८५७ सालचं चित्र, पुलावर अचानक सर आलीय, माणसं डोक्यावर चटया, छत्र्या घेऊन पळताहेत. पावसाची एकेक रेघ केसासारखी. लाकडात रेघ खोदत नाहीत, रेघ ठेवून तिच्या आजूबाजूचं सगळं लाकूड काढून टाकतात. म्हणजे इथं प्रत्येक सरीसाठी लाकडाचा केसाएवढा बांध उभा ठेवलाय, तोही तिरका, आणि दुसऱ्या सरी त्याला छेदतात. हात एकदा घसरला की संपलं. पुढे छापणारा ओल्या ठशावर ब्रशनं रंग असा पसरवतो की आकाश वर काळंभोर आणि खाली विरळ होत जातं. हे प्रत्येक कागदासाठी नव्यानं करायचं. त्यामुळे एकाच दिवशी छापलेल्या दोन प्रतींचं आभाळही तंतोतंत सारखं नसतं.

म्हणून नंतर नव्यानं कोरून केलेल्या प्रतींना कुणी सरसकट ‘नकली’ म्हटलं की मला पटत नाही. टोकियोतली आदाची ही संस्था १९२८पासून जुन्या चांगल्या प्रती समोर ठेवून ठसे नव्यानं कोरते, हातानंच छापते. ती प्रत एकोणिसाव्या शतकातली म्हणून विकली तर ती फसवणूकच. पण आजची प्रत आजची म्हणूनच दिली, तर तिच्यामुळे त्या पावसाची रेघ कोरू शकणारा हात टिकून राहतो.

विसाव्या शतकातल्या चित्रांत गुंता वेगळा आहे. जपानी चित्रकार योशिदा हिरोशी १९३०च्या सुमारास भारतात आले, ताजमहाल, फत्तेपूर सिक्रीची चित्रं त्यांनी केली. आपल्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतीच्या समासात ते ‘जिझुरी’, म्हणजे ‘स्वतः छापलेलं’, असा शिक्का घालत. १९५०मध्ये ते गेले. ठसे घरातच होते, छपाई पुढे चालू राहिली, पण त्या प्रतींवर हा शिक्का नाही. ठसे तेच, लाकूड तेच, तरी किमतीत मोठा फरक पडतो. तो फरक मला मान्य आहे, कारण आभाळ किती गडद हवं हे सांगणारा माणूस तिथे उरला नव्हता.

आता दोन कागद पहिल्या रांगेपासून फिरवतो, कडेला धरा. एक हातछपाईचा आहे, एक यंत्रावरचा. भिंगातून बघितलंत तर यंत्राच्या छपाईत रंगाचे बारीक ठिपके दिसतील. हातछपाईचा कागद उलटा करून उजेडात तिरका धरा. रंग कागदात मुरून मागं उतरलाय, आणि छापणाऱ्यानं बांबूच्या सालीत गुंडाळलेली चकती घासली तिचे गोल गोल वळसे तिथे आहेत.