तड्याची रुंदी आणि कव्हरचा पेच

मित्रहो, सुरुवात एका हिशेबाने करू. एक मीटर लांबीचं काँक्रीट ओढलं तर ते साधारण ०.१ मिलिमीटर लांबतं आणि तुटतं. त्याच्या पोटातल्या सळईवर रोजच्या वापरातल्या भाराखाली २४० मेगापास्कल स्ट्रेस (दर चौरस मिलिमीटरवरची ओढ) असेल, तर ती मीटरमागे १.२ मिलिमीटर लांबते. बारा पटींचा फरक आहे हा. म्हणजे आरसीसीत, सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, सळईला खरं काम करायला लावायचं असेल तर काँक्रीट तडकणारच. भाराखाली ताणाच्या बाजूला पडलेला बारीक तडा हे डिझाइन फसल्याचं लक्षण नसतं. सळईने भार घेतला, एवढंच तो सांगतो.

आता पुढचा प्रश्न. सळई १.२ मिलिमीटर लांबली आणि काँक्रीटने जेमतेम ०.१ ची साथ दिली, मग उरलेले १.१ मिलिमीटर गेले कुठे? ते तड्यांमध्ये वाटले गेले. ढोबळमानाने बोलायचं तर तड्यांची एकूण रुंदी सळईच्या स्ट्रेसने आधीच ठरवून टाकलेली असते. ती एका तड्यात एकवटते की दहा तड्यांत विभागते, एवढंच आपल्या हातात राहतं. म्हणून रुंदीचा अंदाज बांधणं म्हणजे मुळात दोन तड्यांमधल्या अंतराचा अंदाज बांधणं. जगातल्या बहुतेक कोडमधली, म्हणजे डिझाइनच्या नियमावल्यांमधली, सूत्रं वरकरणी कितीही वेगळी दिसली तरी त्यांचा गाभा एकच आहे: तड्यांमधलं अंतर गुणिले सळई आणि काँक्रीट यांच्या सरासरी स्ट्रेनमधला (मूळ लांबीच्या तुलनेत लांबण्याच्या प्रमाणातला) फरक.

हे अंतर कशाने ठरतं? पहिला तडा काँक्रीटच्या सर्वांत कच्च्या जागी पडतो. त्या जागी सगळी ओढ एकट्या सळईवर येते. तिथून दूर जाऊ लागलं की बाँडमुळे, म्हणजे काँक्रीटच्या सळईवरच्या पकडीमुळे, सळई आपली ओढ थोडी थोडी काँक्रीटला परत देत जाते. काही अंतरावर काँक्रीट पुन्हा तुटण्याइतकं ताणलं जातं, त्याच्या अलीकडे मात्र दुसरा तडा पडू शकत नाही. या अंतराला आपण एस-शून्य म्हणू. दोन तड्यांमध्ये एस-शून्यच्या दुपटीपेक्षा जास्त जागा उरली तर मधे आणखी एक तडा पडतो, त्यामुळे शेवटी सगळी अंतरं एस-शून्य आणि त्याची दुप्पट यांच्या दरम्यान येऊन थांबतात. एकाच बीमवर शेजारशेजारचे तडे एक बारीक आणि एक रुंद का दिसतात, याचं कारण इथेच सापडतं. त्यात निष्काळजी कामाचा हात असेलच असं नाही.

कागदावर बाँडची ताकद आणि काँक्रीटची ताणातली ताकद यांचं समीकरण मांडलं की एस-शून्य हा सळईचा व्यास भागिले सळईचं प्रमाण, याच्याशी बांधलेला निघतो. प्रमाण मोजायचं ते पूर्ण छेदाचं नव्हे, सळईभोवतालच्या ताणातल्या काँक्रीटपुरतं. या समीकरणातला सुंदर भाग असा की काँक्रीटची ताकद जवळजवळ कापली जाते. ग्रेड, म्हणजे काँक्रीटची ताकदीची प्रत, वाढवली तर तुटायला जास्त ओढ लागते, पण बाँडही तितकाच सुधारतो आणि अंतर होतं तिथेच राहतं. ‘तडे दिसतायत, वरची ग्रेड घ्या’ हा सल्ला साइटवर इतक्या सहज दिला जातो म्हणून हे मुद्दाम सांगतो.

एक उदाहरण सोडवू. २५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब, ४० मिलिमीटर कव्हर (सळईवरचा, पृष्ठभागापर्यंतचा काँक्रीटचा थर), १६ मिलिमीटरच्या सळया १५० अंतराने आणि सळईतला स्ट्रेस २४० मेगापास्कल. काँक्रीटच्या डिझाइनचा युरोपीय कोड म्हणजे युरोकोड २. त्याच्या २००४ च्या आवृत्तीप्रमाणे तड्यांमधल्या कमाल अंतराचे दोन हिस्से होतात. पहिला कव्हरच्या ३.४ पट, म्हणजे १३६. दुसरा व्यास आणि प्रमाण यांतून येणारा, तो इथे सुमारे १३५. दोन्ही मिळून २७१ मिलिमीटर. तड्यांमधलं काँक्रीट सळईला जो हातभार लावतं तो वजा केल्यावर स्ट्रेनमधला फरक ०.०००९१ उरतो. गुणाकार केला की रुंदी ०.२५ मिलिमीटर येते. हाच स्लॅब आपल्या भारतीय कोडच्या, आयएस ४५६ च्या, परिशिष्ट ‘एफ’ने तपासला तर दोन सळयांच्या बरोबर मधल्या पृष्ठभागावर सुमारे ०.२२ मिलिमीटर मिळतात. सूत्रं वेगळी, वाटा वेगळ्या, तरी उत्तरं जवळ आली. आयएस ४५६ ची मर्यादा सर्वसाधारण ठिकाणी ०.३, सतत ओलावा किंवा मातीचा संपर्क असेल तिथे ०.२ आणि तीव्र किंवा त्याहून वाईट वातावरणात ०.१ मिलिमीटरच्या आसपास आहे.

आता याच स्लॅबचं कव्हर बदलून पाहा, सळईतला स्ट्रेस तोच ठेवा. कव्हर २५ केलं तर युरोकोडने रुंदी ०.२० वर उतरते. ६० केलं तर ०.३१ वर चढते आणि ०.३ ची मर्यादा ओलांडते. आयएस ४५६ चं सूत्रही त्याच दिशेने जातं. कागदावर पाहणाऱ्याला वाटेल, कव्हर कमी करा, तडे आटोक्यात येतील. असं प्रत्यक्षात केलं जातं. मला या विषयात सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

कारण कव्हर आपण कशासाठी देतो? हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये आत आत शिरत जातो आणि सळईला गंजापासून वाचवणारा तिच्याभोवतालचा अल्कधर्मी थर निष्प्रभ करतो. ही खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे २५ मिलिमीटर पार करायला जेवढी वर्षं लागतील, त्याच काँक्रीटमध्ये ६० पार करायला त्याच्या पावणेसहा पट लागतील. हे संरक्षण घालवून आपण काय कमावलं? पृष्ठभागावरच्या रुंदीत एक दशांश मिलिमीटरची घट.

सूत्र चुकीचं नाही. ते पृष्ठभागाबद्दल बोलतं, आणि आपल्याला काळजी असते सळईजवळची. १९७१ मध्ये गोटो या जपानी संशोधकाने ताणलेल्या नमुन्यांत शाई सोडली आणि नंतर ते फोडून पाहिले. वरून जो तडा स्पष्ट उघडा दिसत होता, तो सळईपाशी येईपर्यंत बराच अरुंद झालेला होता. सळईच्या प्रत्येक रिबपासून (अंगावरच्या उंचवट्यापासून) तिरके निघालेले बारीक अंतर्गत तडेही दिसले, जे पृष्ठभागापर्यंत पोचतच नव्हते. म्हणजे तडा समांतर भिंतींची फट नसतो. तो सळईपासून बाहेर रुंदावत जातो, आणि कव्हर जितकं जाड तितका वर जास्त उघडा दिसतो. सळईपाशी मात्र तो तेवढ्या प्रमाणात वाढत नाही.

ब्रिटनमध्ये बीबी या संशोधकांनी तड्यांच्या प्रयोगांवर अनेक वर्षं काम केलं. गंज आणि तड्याची रुंदी यांचा संबंध लोक समजतात त्यापेक्षा बराच क्षीण आहे, असं त्यांनी १९७० च्या दशकातच मांडलं. सळईला आडव्या तड्यात गंज लवकर सुरू होतो हे खरं, पण पुढे तो किती वेगाने पसरेल हे बहुतांशी कव्हर आणि काँक्रीटचा दर्जा ठरवतात. सळईच्या लांबीने धावणारा तडा मात्र वेगळ्या जातीचा. गंजाचं आकारमान मूळ पोलादाच्या कित्येक पट असतं, त्या दाबाने कव्हर फुटतं आणि असा तडा दिसतो. तिथे ०.१ की ०.३ हा वाद निरर्थक आहे, रोग आधीच आत आहे.

मग कव्हरला हात न लावता रुंदी कमी कशी करायची? आपल्याच उदाहरणात १६ ऐवजी १२ च्या सळया घ्या, क्षेत्रफळ तेवढंच ठेवून ८४ मिलिमीटर अंतराने. रुंदी ०.२२ वर येते. किंवा व्यास तोच ठेवून सळई पाव भागाने वाढवा, स्ट्रेस उतरतो आणि रुंदी ०.१८ च्या आसपास येते. दुसरा उपाय महाग, पण परिणाम ठळक. जाड कव्हर अनिवार्य असेल तिथे मर्यादाच विचाराने वाचायला हवी. युरोकोडच्या २०२३ च्या आवृत्तीत, टिकाऊपणासाठी लागतं त्यापेक्षा प्रत्यक्ष कव्हर जास्त असेल तर मर्यादा दीडपटीपर्यंत सैल करण्याची तरतूद आली आहे. मला ती अतिशय योग्य वाटते.

एक अपवाद मात्र ठामपणे लक्षात ठेवा: पाण्याची टाकी. तिथे रुंदी हाच प्रश्न आहे. आरपार तड्यातून झिरपणारं पाणी रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे ०.३ चा तडा ०.१ च्या तड्यापेक्षा सत्तावीस पट गळतो. अगदी बारीक तडे तड्यात साचणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटने कालांतराने स्वतःहून बुजतात, रुंद तडे बुजत नाहीत.

आणि टाकीच्या भिंतीत भारापेक्षा आकुंचनाचे तडे आधी येतात. नव्या भिंतीचं तापमान उतरताना जुना पाया तिला धरून ठेवतो. २५ अंशांची घसरण म्हणजे सुमारे ०.०००२५ चं आकुंचन, आणि त्यातलं निम्मं जरी रोखलं गेलं तरी काँक्रीटची ०.०००१ ची कुवत संपते. इथे किमान सळई हा जीव की प्राण. पहिला तडा पडताच काँक्रीटने सोडलेली सगळी ओढ यील्ड न होता, म्हणजे कायमची न ताणली जाता, पेलण्याइतकी सळई हवी. ती नसेल तर दुसरा तडा पडतच नाही, पहिलाच उघडत जातो. अशा भिंतीवर वरची सूत्रं वापरून आलेला आकडा खोटा असतो, कारण ती सूत्रं अनेक तडे पडतील हे गृहीत धरतात.

शेवटी अचूकतेबद्दल. कमाल अंतराचं सूत्र मुळात सरासरी अंतराला १.७ ने गुणून बनलेलं आहे, एवढा विखुरलेपणा प्रयोगशाळेतच असतो. ०.२९ पास आणि ०.३१ नापास, असं लिहिणाऱ्या डिझायनरने हे ध्यानात ठेवावं. साइटवर मोजतानाही तेच. वेगवेगळ्या जाडीच्या रेघा छापलेलं कार्ड तड्याशेजारी लावून एका जागी वाचलेली रुंदी पुरत नाही. त्याच तड्यावर अनेक ठिकाणी वाचा, तापमान आणि त्या वेळचा भार टिपून ठेवा, तडा सळईला आडवा आहे की तिच्या लांबीने हे लिहा, आणि शेजारच्या तड्यांमधलं अंतरही मोजा. मोजलेलं अंतर हिशेबातल्या अंतराच्या दुपटीहून जास्त निघालं तर आधी काँक्रीटमधली सळई शोधणारं कव्हर मीटर लावून सळई खरंच तिथे आहे का ते पाहा. रुंदीचं गणित त्यानंतर.