पाठमोरी माणसं : ग्वेन जॉनची कागदावरची चित्रं

(पडद्यावर एक छोटा कागद. कॅमेरा हळूहळू जवळ जातो. सुरुवातीचे काही सेकंद आवाज नाही.)

आधी हे चित्र नीट बघून घ्या, मग बोलू. चर्चमध्ये बसलेली एक मुलगी, आपल्याला फक्त तिची पाठ दिसतेय, डोक्यावर गोल हॅट, हॅटला रिबन, खाली कोटाचा एक मोठा गडद आकार आणि मागे खुर्चीच्या दोनतीन रेघा, बस. चेहरा नाही, मेणबत्त्या नाहीत, येशूची मूर्ती नाही. कागद तळहातापेक्षा थोडासाच मोठा. आणि तरी मान किती कललीये, खांदे कसे पडलेत यावरून ती मुलगी कंटाळलीये का तल्लीन झालीये याचा अंदाज येतोच. लहानपणी आजीबरोबर कीर्तनाला जाऊन मागे बसलेल्या कुणालाही ही पाठ ओळखीची वाटेल.

हे काम ग्वेन जॉनचं. जन्म २२ जून १८७६, वेल्समधल्या हॅव्हरफर्डवेस्ट गावात. तिच्यावर काहीही वाचायला घेतलं की पहिल्या दोन ओळींत दोन पुरुष येतात, एक तिचा भाऊ ऑगस्टस जॉन, जो त्या काळात इंग्लंडमधला गाजलेला चित्रकार होता, आणि दुसरा शिल्पकार रोदँ, ज्याच्यावर तिनं जीव टाकला. ते दोघं येतील आपल्याही गोष्टीत, पण मला सुरुवात या कागदापासूनच करायची होती, कारण तिच्या आयुष्याचा मोठा भाग अशाच कागदांवर गेलाय आणि ते कागद फार कमी लोकांनी बघितलेत.

(समुद्रकिनारा, वेल्स.)

वडील वकील, आई हौसेनं जलरंगात चित्रं काढणारी. ग्वेन ८ वर्षांची असताना आई गेली, मग वडील चारही मुलांना घेऊन टेनबी नावाच्या समुद्रकाठच्या गावात राहायला आले. घरात फारसं कुणी बोलायचं नाही, पण मुलं वाळूत, किनाऱ्यावर, जिथं जागा मिळेल तिथं चित्रं काढायची. पुढे ऑगस्टस लंडनच्या स्लेड स्कूल या कलाशाळेत गेला आणि १८९५ मध्ये त्याच्यामागून ग्वेनही गेली. स्लेडमध्ये बायकांना पहिल्यापासून प्रवेश होता ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. तिथं हेन्री टाँक्स शिकवायचे, आधीचे सर्जन, त्यामुळे ड्रॉइंगच्या बाबतीत एकदम कडक. आधी पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसलेल्या माणसावरून. ग्वेनची रेघ तिथं तयार झाली, १८९८ मध्ये तिला फिगर कॉम्पोझिशनचं बक्षीसही मिळालं.

त्याच वर्षी ती पॅरिसला जाऊन थोडे महिने चित्रकार व्हिस्लरच्या शाळेत शिकली. ऑगस्टसनं एक किस्सा लिहून ठेवलाय. तो व्हिस्लरला म्हणाला की माझ्या बहिणीच्या चित्रांत कॅरेक्टर आहे ना, त्यावर व्हिस्लर म्हणाले, कॅरेक्टर म्हणजे काय, टोन महत्त्वाचा, आणि तुझ्या बहिणीला टोनची उत्तम जाण आहे. टोन म्हणजे रंग किती उजळ किती काळोखा, शेजारच्या रंगाला धरून तो कुठं बसतो, ते. ग्वेनच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली मला या एका शब्दात दिसते.

(जुना नकाशा. बोर्दोपासून एक रेघ निघते.)

१९०३ ची गंमत बघा. ग्वेन आणि तिची मैत्रीण डोरेलिया, दोघींनी ठरवलं की पायी रोमला जायचं! बोटीनं बोर्दोला उतरल्या आणि पाठीवर चित्रांचं सामान टाकून गारोन नदीच्या काठानं चालायला लागल्या, रात्री शेतात नाहीतर गोठ्यात झोपायचं, गावातल्या कॅफेत बसून लोकांची पोर्ट्रेट काढून द्यायची आणि त्यावर जेवायचं. रोम काही आलं नाही, तुलूझपर्यंत पोचल्या, हिवाळा तिथं काढला आणि १९०४ च्या सुरुवातीला पॅरिस गाठलं. तिला भित्री, लाजाळू, कोपऱ्यातली बाई म्हणणाऱ्यांनी हा प्रवास विसरू नये असं मला फार मनापासून वाटतं.

पॅरिसमध्ये पोटासाठी ती मॉडेल म्हणून बसायची, बरेचदा दुसऱ्या बायका-चित्रकारांसाठी. मग रोदँकडे काम मिळालं. ती २८ ची, तो साठी ओलांडलेला आणि जगभर नाव झालेला. पुढची जवळजवळ दहा वर्षं ती त्याच्यात अडकली, शेकडो पत्रं लिहिली, ती पत्रं आज पॅरिसच्या रोदँ म्युझियममध्ये आहेत. यावर खूप लिहिलं गेलंय, मी इथंच थांबतो. फक्त एवढं सांगतो की याच वर्षांत, भाड्याच्या एका खोलीत, त्याची वाट बघता बघता ती स्वतःची खोली रंगवत होती, खिडकी, वेताची खुर्ची, टेबलावर फुलं, आणि स्वतःचं मांजर काढत होती.

(मांजराचं रेखाचित्र. पेन्सिल आणि जलरंग.)

मांजराचं नाव एडगर क्विने. जवळच्या रस्त्याचं नाव ते, मांजरी होती पण नाव पुरुषाचं. काळ्या-भुऱ्या ठिपक्यांची. लंडनच्या टेट गॅलरीत हिचं एक चित्र आहे. पेन्सिलची रेघ आधी इतकी पातळ आहे की कागदाला लागली का नाही शंका यावी, आणि मग त्यावर जलरंगाचे मोजके वॉश, म्हणजे पातळ थर, काळे डाग, तपकिरी डाग. केस काढलेलेच नाहीत. तरी अंगाचा मऊपणा येतो, वजन येतं, आणि डोळ्यातली ती जरा संशयी नजरसुद्धा. १९०८ मध्ये हे मांजर हरवलं तेव्हा ग्वेन कित्येक दिवस घरी आली नाही, उघड्यावर झोपून त्याला शोधत राहिली. ज्याच्या घरात मांजर आहे त्याला यात वेड वगैरे काही वाटणार नाही.

१९११ मध्ये ती म्यूदाँला राहायला गेली, पॅरिसच्या बाहेरचं छोटं गाव, रोदँचं घरही तिथंच होतं. माळ्यावरची खोली. १९१३ मध्ये तिनं कॅथलिक धर्म घेतला. गावातल्या नन्सना त्यांच्या संघाच्या संस्थापिकेचं, मेर पूसपँचं चित्र हवं होतं आणि समोर होतं फक्त एक छोटं छापील प्रार्थनाकार्ड, ती बाई जाऊन दीडएकशे वर्षं उलटलेली. ग्वेननं त्या कार्डावरून काम सुरू केलं आणि वर्षानुवर्षं तीच बाई, तेच टेबल, तीच पोझ, पुन्हा पुन्हा रंगवली. नन्सना किती थांबावं लागलं असेल विचार करा.

आणि इथंच ती चर्चमधली चित्रं सुरू होतात.

(पाठमोऱ्या बायकांची चित्रं, एकामागून एक.)

ती मासला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जायची, मागे बसायची आणि काढायची. समोर जे दिसेल ते, म्हणजे पाठी. बायकांच्या हॅट, फरची कॉलर, वेण्या, नन्सची पांढरी शिरोवस्त्रं, अनाथाश्रमातल्या मुली रांगेत बसलेल्या. लोकांना हे खटकायचं, देवळात येऊन हिचं काय चाललंय, असं. तिची शेजारीण व्हेरा, जिच्यावर तिचा फार जीव होता, तिलाही ते पटत नव्हतं. तिला समजावताना ग्वेननं जे लिहिलं त्याचा सारांश असा की मलाही सगळ्यांसारखी प्रार्थना करायला आवडतं पण माझं मन फार वेळ टिकत नाही, आणि त्या अनाथ मुली, त्यांच्या काळ्या हॅट, पांढरी रिबन, छोट्या पांढऱ्या कॉलरी मला मोहात पाडतात, ते सगळं तोडून टाकलं तर माझ्या आयुष्यात पुरेसा आनंदच उरणार नाही. मला हे वाचून दर वेळी थांबायला होतं. किती सरळ सांगितलंय. चित्र म्हणजेच माझी प्रार्थना, असलं काहीही ती म्हणत नाही, ती फक्त म्हणते की मला यात आनंद आहे आणि तो मी सोडू शकत नाही.

आता ती हे करायची कसं, ते बघू, कारण खरी मजा यात आहे. चर्चमध्ये पेन्सिलनं किंवा कोळशानं पटकन रेखाटन. घरी आल्यावर त्याचं ट्रेसिंग करून तीच आकृती दुसऱ्या कागदावर, मग तिसऱ्या, मग चौथ्या. रेघ तीच. बदलतो फक्त टोन. एका कागदावर कोट जवळजवळ काळा आणि मागची भिंत फिकी, दुसऱ्यावर कोट राखाडी-निळा आणि भिंतसुद्धा त्याच्याच जवळपासची, की आकृती अर्धी विरघळते. जलरंगात ती पांढरा मिसळून ग्वाश करायची, त्यामुळे रंग चमकत नाही, भिंतीच्या चुन्यासारखा कोरडा बसतो. कडा कुठंही कापल्यासारखी नाही. हॅटचा आकार एका दमात ब्रशनं भरलेला दिसतो, आणि जिथं रंग संपत आला तिथं तसाच सोडलाय, पुन्हा बुडवून दुरुस्त केलेला नाही.

बघणारा म्हणेल, एकच चित्र चारदा कशाला. पण गाणं शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, तीच बंदिश रोज, आणि रोज ती जरा वेगळ्या जागी थांबते.

रंगांच्या नोंदी करायची तिची पद्धत तर मला फारच आवडते. वहीत ती नुसतं लाल, पिवळा असं लिहीत नसे, तर फुलं, पानं, धान्य यांच्या नावानं लिहायची, कोमेजलेले गुलाब, धुरकट धान्य आणि रानगुलाब, अशा जोड्या. आता या चित्रांकडे परत बघा आणि धुरकट धान्य हा शब्द मनात ठेवून मागची भिंत बघा. कळतं की नाही?

(पुन्हा कागद. या वेळी रंगखडूचं काम.)

व्हेराला ती दर सोमवारी चित्र नेऊन द्यायची. सोमवारची चित्रं, असंच नाव पडलं त्यांना. व्हेराला या प्रेमाचं ओझं व्हायचं, शेवटी भेट आठवड्यातून एकदाच असं ठरवून द्यावं लागलं, आणि त्या एका दिवशी ग्वेन हातात चित्र घेऊन जायची. यावर मी काही बोलणार नाही.

पैशाचं कसं चालायचं? न्यूयॉर्कचे एक वकील होते, जॉन क्विन, मोठे संग्राहक, ते तिला दरवर्षी ठरावीक रक्कम पाठवायचे आणि बदल्यात चित्रं मागायचे, आणि ती ती पाठवायला उशीर करायची, सतत करायची, कारण हातातून सोडवतच नसे. क्विनमुळेच १९१३ च्या न्यूयॉर्कच्या आर्मरी शो या आधुनिक कलेच्या गाजलेल्या प्रदर्शनात तिचं काम लागलं. ते १९२४ मध्ये वारले आणि तो आधार गेला. १९२६ मध्ये लंडनच्या चेल्सीत, न्यू चेनिल गॅलरीत तिचं एकटीचं प्रदर्शन झालं. हयातीतलं तेवढं एकच. तिकडे ऑगस्टस मोठमोठी पोर्ट्रेट रंगवत होता, वर्तमानपत्रात त्याचं नाव असायचं, पण तोच सांगायचा की माझ्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी लोक मला ग्वेन जॉनचा भाऊ म्हणून ओळखतील. भाऊ म्हणून त्यानं काही चुका केल्या असतील, पण हे त्याला दिसलं होतं आणि तो ते उघड बोलला.

(बंदर. राखाडी समुद्र.)

शेवट १९३९. सप्टेंबरच्या ३ तारखेला ब्रिटन आणि फ्रान्सनं युद्ध जाहीर केलं. त्या दिवसांत ग्वेन रेल्वेनं डिएपला गेली, समुद्राकाठी, बरोबर सामान नव्हतं असं सांगतात, मांजरांची सोय मात्र तिनं लावून ठेवली होती. तिथं ती कोसळली आणि १८ सप्टेंबरला गेली, वय ६३. तिची कबर कुठे आहे हे नंतर कितीतरी वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं.

खोलीतलं सगळं सामान पुतण्याकडे गेलं, ऑगस्टसचा मुलगा एडविन. १९७६ मध्ये, तिच्या जन्माला १०० वर्षं झाली तेव्हा, कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयानं त्याच्याकडून तिची ९०० हून जास्त रेखाटनं आणि जलरंग घेतले. नऊशे! मांजरं आहेत त्यात, फुलं आहेत, फुलदाण्या, ट्रेनमधल्या बायका, आणि चर्चमधल्या पाठी. कागद पातळ आहेत, काहींवर घडीच्या खुणा आहेत. आणि एकाच बाईचे चारपाच कागद शेजारी ठेवले की मान तशीच, हॅट तशीच, आणि कोट दर वेळी वेगळा.

(चार कागद शेजारी शेजारी. कॅमेरा पहिल्यावरून शेवटच्यावर सरकतो. आवाज नाही.)