अशिलाचा कागद

(दृश्य: ठाणे, कोर्ट नाका. सकाळची गर्दी.)

सकाळी कोर्ट नाक्यावर रिक्षा थांबतात आणि काळे कोट जिल्हा न्यायालयाच्या दिशेने चालू लागतात. कुणाच्या काखेत दोरीने बांधलेली फाइल, कुणाच्या खिशात पेन ड्राइव्ह. कुठल्यात वडिलोपार्जित जमिनीचा वाद, कुठल्यात पोटगीचा अर्ज.

जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा. पेन ड्राइव्ह लागतो, प्रिंट निघते, पेन ड्राइव्ह खिशात परत जातो. फाइल मात्र कधी कधी दुकानातल्या संगणकावरच राहते, अशिलाच्या नावासकट. मागून आलेल्या गिऱ्हाइकाला ती सहज उघडता येते. यात कुणाच्या मनात पाप नसतं. पुकारा होणार असतो, घाई असते.

पण कायदा घाई ऐकून घेत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ सांगतं, अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने त्याच्या संमतीशिवाय उघड करायचं नाही. काही अपवाद आहेत, पण काम संपल्यावरही हे बंधन सुटत नाही. आणि ते वकिलाच्या कारकुनालाही लागू आहे.

(दृश्य: चेंबर. टेबलावर फायलींचा ढीग, शेजारी फोन.)

“मी तर व्हॉट्सॲपवर पाठवतो,” असं बरेच जण सांगतात. वाटेत तो मजकूर कुलूपबंद असतो, हे खरं. पण पोहोचल्यावर? फोटो गॅलरीत जातो, गॅलरी मुलाच्या हातात जाते, आणि चुकून भलत्याच ग्रुपवर फॉरवर्ड व्हायला एक बोट पुरतं.

इथे ओपन सोर्स कामाला येतं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो असं सॉफ्टवेअर. नेक्स्टक्लाउड हे असंच एक सॉफ्टवेअर, २०१६ पासूनचं. ते ऑफिसातल्या स्वतःच्या संगणकावर बसवता येतं. फाइल तिथेच राहते. अशिलाला जाते ती फक्त लिंक. तिला पासवर्ड लावता येतो, मुदतही घालता येते. मुदत सरली की लिंक बंद. बॅकअप आणि अपडेट मात्र आपणच सांभाळायचे, आणि त्यात आळस चालत नाही.

पण ज्याचा कोड सगळ्या जगाला दिसतो, त्यावर भरवसा कसा ठेवायचा? ऑगस्ट केरखॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच याचं उत्तर दिलं होतं: यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित राहावी ती फक्त किल्ली. कुलपाची रचना लपवून जे सुरक्षित राहतं, ते कुलूप मला तरी कच्चं वाटतं.

अर्थात, उघडं आहे म्हणून आपोआप सुरक्षित होत नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने पिच्छा पुरवला. एक्सझेड नावाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी मुद्दाम ठेवलेली चोरवाट सापडली. ती सर्वत्र पसरण्याआधी पकडली गेली, कारण कोड तपासायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

आपल्या न्यायालयांनीही हाच मार्ग धरला आहे. जिल्हा न्यायालयांत प्रकरणांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली ओपन सोर्सवर उभी आहे, आणि ती घडली पुण्यात, एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या केंद्रात.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर अक्षरांची लांब ओळ.)

ही ओळ म्हणजे फाइलचा जणू अंगठा. एसएचए-२५६ या पद्धतीने कुठल्याही फाइलची ६४ अक्षरं-आकड्यांची ओळख निघते; फायलीत एक स्वल्पविराम हलला तरी ती पार बदलते. त्याच साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात अशी ओळख, म्हणजे हॅश, नोंदवावी लागते. लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीवर ती काढायला एक छोटी आज्ञा पुरते, विकतचं काही लागत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. ज्युनियर वकील फोनवर.)

लिंक मघाशीच गेली आहे. पासवर्ड मेसेजमध्ये पाठवायचा नाही, म्हणून ती कळव्याच्या एका काकूंना तो फोनवर सांगते आहे, एकेक अक्षर. काकू विचारतात, कॅलेंडरवर लिहून ठेवू का?

“नको काकू. पाठ करा. मी परत सांगते.”