गोरोंगोझाच्या वाटेवर: मोझांबिकची शांतता आणि तिथलं चर्च

मित्रहो, सुरुवात एका भेटीपासून करतो. साल १९८८. मोझांबिकमध्ये यादवी युद्ध सुरू होऊन अकरा वर्षं झाली होती. बेइरा या बंदराच्या शहराचे आर्चबिशप जाइमे गोंसाल्विश गाजावाजा न करता गोरोंगोझाच्या जंगलात गेले. तिथे रेनामो या बंडखोर संघटनेचा तळ होता, आणि आफोंसो द्लाकामा हे तिचे प्रमुख. सरकार या संघटनेचं नावसुद्धा घेत नसे. 'सशस्त्र डाकू' एवढाच तिचा उल्लेख व्हायचा, आणि डाकूंशी कुठलं सरकार बोलणी करतं? आर्चबिशप मात्र गेले. द्लाकामा आणि ते, दोघंही न्दाऊ समाजातले. मातृभाषा एक, मुलूख एक. ज्याला देश राक्षस समजत होता, तो या धर्मगुरूच्या दृष्टीनं आपल्याच मुलखातला एक माणूस होता.

यादवी युद्धानंतर राष्ट्र उभं करताना चर्चनं काय केलं, असा आजचा विषय मला दिलाय. मी जगभराचा आढावा घेणार नाही. एकाच देशाबद्दल, मोझांबिकबद्दल बोलेन, कारण तिथे चर्चनं केलेलं काम आणि चर्चला न जमलेलं काम, दोन्ही स्वच्छ दिसतं.

आधी जुना हिशेब सांगायला हवा. मोझांबिक ही पोर्तुगिजांची वसाहत. १७५२ पर्यंत तिचा कारभार गोव्यातून चालत असे, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. तिथलं कॅथलिक चर्च आणि वसाहतीचं सरकार एकमेकांच्या हातात हात घालून होते. १९४० मध्ये पोर्तुगाल आणि व्हॅटिकन यांच्यात करार झाला. त्यानंतर आफ्रिकी मुलांचं शिक्षण मिशनांकडे गेलं आणि मिशनांना सरकारी पैसा मिळू लागला. बिशप पोर्तुगीज, आणि त्यांची निष्ठाही बहुतेक वेळा लिस्बनशी. याच चर्चच्या पोटातून विरोधही उगवला, हेही सांगितलं पाहिजे. इथे राहून आपण अन्यायाचे साक्षीदार नव्हे तर भागीदार ठरतो, या भावनेनं 'व्हाइट फादर्स' हा मिशनरी संघ १९७१ मध्ये देश सोडून निघून गेला. डिसेंबर १९७२ मध्ये पोर्तुगीज सैन्यानं विरियामू गावात कत्तल केली. तिची बातमी मिशनऱ्यांनीच बाहेर पोचवली आणि पुढच्या वर्षी एका इंग्रज धर्मगुरूनं ती लंडनच्या 'टाइम्स'मधून जगासमोर मांडली. नाम्पुलाचे बिशप मान्युएल व्हिएरा पिंतो यांना तर १९७४ मध्ये वसाहतीच्या सरकारनं हाकलूनच दिलं.

२५ जून १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला. समोरा माशेल यांच्या फ्रेलिमो पक्षाचं सरकार आलं. दोनच वर्षांत पक्षानं मार्क्सवाद-लेनिनवाद अधिकृतपणे स्वीकारला. मिशनांच्या शाळा, दवाखाने, इमारती सरकारजमा झाल्या. धर्मगुरूंच्या हिंडण्याफिरण्यावर बंधनं आली. चर्चच्या दृष्टीनं हा मोठा घाला होता, आणि त्या काळात पुष्कळ लोकांना नाहक सोसावं लागलं. तरीही मला असं वाटतं की पुढे चर्चच्या हातून जे घडलं त्याची मुळं या नुकसानीत आहेत. हातातली मालमत्ता गेली, सत्तेच्या पंगतीतलं पान गेलं, आणि खेड्यातल्या माणसांत बसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. बिशपही आता मोझांबिकी होते. गोंसाल्विश त्यांच्यापैकीच एक.

युद्धाबद्दल थोडक्यात सांगतो. रेनामो जन्माला घातली ती शेजारच्या ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, गुप्तचर खात्यानं. ऱ्होडेशियातली गोऱ्यांची सत्ता गेल्यावर तिला दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीनं पोसलं. ही बाहेरची हवा खरीच होती. पण निखारा घरातलाही होता: शेतकऱ्यांना बळजबरीनं सामूहिक वसाहतींत हलवलं गेलं, गावच्या परंपरागत मुख्यांचा अपमान झाला, मधल्या आणि उत्तरेकडच्या प्रांतांना आपण दक्षिणेच्या राजधानीचे सावत्र आहोत असं वाटू लागलं. रेनामोनं लहान मुलं पळवून त्यांच्या हातात बंदुका दिल्या, गावं जाळली, माणसांचे कान-ओठ कापले. युद्धानं आणि युद्धातल्या उपासमारीनं सुमारे दहा लाख माणसं गेली. दीड कोटीच्या आतबाहेर लोकसंख्या असलेल्या देशात पन्नासएक लाख लोक घरादाराला पारखे झाले.

अशा वेळी १९८७ मध्ये कॅथलिक बिशपांनी एक पत्र काढलं. 'लोकांना हवी असलेली शांतता' असं त्याचं नाव. दोन्ही बाजूंनी बोलावं, एवढंच त्यात सांगितलेलं. बिशप शत्रूची तळी उचलतायत अशी टीका सरकारी बाजूनं झाली. पण आधी बाजारात आणि घराघरांत दबक्या आवाजात बोललं जाणारं आता कागदावर आलं होतं.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रॉटेस्टंट चर्चचे सरकारशी बरे संबंध होते. फ्रेलिमोचे पहिले अध्यक्ष एदुआर्दो मोंदलाने स्वतः स्विस मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यामुळे मोझांबिकची ख्रिस्ती परिषद आणि तिच्यातले अँग्लिकन बिशप दिनिश सेंगुलान यांचं म्हणणं राष्ट्राध्यक्ष जोआकिम चिसानो ऐकून घेऊ शकत होते. उलट रेनामोपर्यंत पोचायची वाट कॅथलिकांना ठाऊक होती. एकाला राजवाड्याचं दार उघडं, दुसऱ्याला जंगलाची पायवाट माहीत. १९८९ च्या ऑगस्टमध्ये नैरोबीत दोन्ही पंथांचे लोक रेनामोच्या नेत्यांना एकत्र भेटले. एरवी हे पंथ एकमेकांकडे संशयानं बघायचे. ते वैर तसंच राहिलं असतं तर ही भेट झाली नसती.

पुढची बोलणी रोममध्ये झाली. 'सांतेजिदियो' हा कॅथलिक समुदाय १९६८ मध्ये आंद्रेआ रिक्कार्दी या शाळकरी मुलानं मित्रांना गोळा करून सुरू केलेला. रोमच्या वस्त्यांमधल्या गरिबांची कामं करता करता तो मोझांबिकला मदत पाठवण्यापर्यंत आला होता, आणि गोंसाल्विश यांच्याशी त्यांची मैत्री जुनी होती. त्रास्तेवेरे भागातल्या एका जुन्या मठात ८ जुलै १९९० रोजी सरकार आणि रेनामो पहिल्यांदा समोरासमोर बसले. सरकारतर्फे आर्मांदो गेबूझा, रेनामोतर्फे राउल दोमिंगुश. यजमान चार: रिक्कार्दी, फादर मात्तेओ झुप्पी (आज ते बोलोन्याचे कार्डिनल आहेत), गोंसाल्विश आणि इटली सरकारचे मारियो रफाएल्ली. सुरुवातीला हे चौघं नुसते निरीक्षक होते. मध्यस्थ म्हणून शेजारच्या देशांची नावं पुढे आली, पण दोन्ही बाजूंना पटेल असं नाव ठरेना. अखेर निरीक्षकच मध्यस्थ झाले.

पहिल्या बैठकीच्या शेवटी जे निवेदन निघालं त्यातले काही शब्द मी कायम जवळ ठेवलेत. आम्ही एकाच देशाचे रहिवासी, एकाच मोठ्या मोझांबिकी कुटुंबातले, असं दोन्ही बाजूंनी मान्य केलं. दुरून पाहिलं तर हे शिष्टाचाराचे शब्द वाटतील. पण कालपर्यंत ज्याला डाकू म्हटलं, ज्याला कम्युनिस्टांचा हस्तक म्हटलं, त्याला भाऊबंद म्हणायचं! भावकीतलं भांडण मिटवता येतं. डाकूला फक्त मारता येतं.

मग अकरा फेऱ्या, सत्तावीस महिने. कितीदा बोलणी तुटायला आली. चर्चनं एकट्यानं हे घडवलं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. शीतयुद्ध संपलं होतं, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद कोसळत होता, १९९१-९२ च्या दुष्काळानं सैनिकांच्याही तोंडचा घास पळवला होता. इटलीच्या सरकारनं पैसा ओतला, रेनामोला राजकीय पक्ष होता यावं म्हणून संयुक्त राष्ट्रांनी निधी उभारला. पण शस्त्र नाही, तेल नाही, लष्करी तळ नको, अशा माणसांवर दोन्ही बाजूंनी जो भरवसा ठेवला तो कुठल्या बड्या राष्ट्रावर ठेवला नसता. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी चिसानो आणि द्लाकामा यांनी रोममध्ये करारावर सह्या केल्या. दोन वर्षांनी निवडणूक झाली, चिसानो जिंकले, द्लाकामांनी कुरकुर करत निकाल मानला.

करार झाला आणि जगाचं लक्ष दुसरीकडे गेलं. खरं काम त्यानंतरचं.

देशभर बंदुका पुरून ठेवलेल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या फौजेनं पुष्कळ गोळा केल्या, तरी त्याहून जास्त मागे राहिल्या. १९९५ मध्ये बिशप सेंगुलान आणि ख्रिस्ती परिषदेनं एक योजना काढली. बायबलमध्ये यशया संदेष्ट्याचं वचन आहे, लोक तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील. हे वचन त्यांनी शब्दशः घेतलं. बंदूक आणा, तिच्या बदल्यात कुदळ न्या, सायकल न्या, शिवणयंत्र न्या, छपराचे पत्रे न्या. कोण आहेस, कुठून आणलीस, कुणाला मारलंस, काही विचारायचं नाही. आणलेली हत्यारं कापून निकामी करायची आणि त्यातले तुकडे राजधानी मापुतोच्या कलाकारांना द्यायचे.

त्यातली एक वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. केस्टर या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कलाकारानं २००१ मध्ये केलेली 'शस्त्रांची गादी', म्हणजे राजाची खुर्ची. मी तिच्यापुढे बराच वेळ उभा होतो. पाठ पोर्तुगीज जी-थ्री रायफलींची, हात सोव्हिएत एके-४७ चे, बैठक पोलिश आणि चेकोस्लोव्हाक रायफलींची, आणि पुढच्या एका पायाला उत्तर कोरियात घडलेली नळी. एकही हत्यार आफ्रिकेत बनलेलं नाही. पाठीच्या वरच्या टोकाला रायफलींच्या दस्त्यांवर भोकं आणि खाच आहे, नीट पाहिलं की तिथे हसरा चेहरा दिसतो. लाकूड हाताळून गुळगुळीत झालंय. ते कुणाच्या खांद्याला टेकून झालं असेल, हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

कुदळ हातात आली तरी मनातलं युद्ध थांबत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी माणसं मारायला लावलेला मुलगा घरी परत येतो तेव्हा त्याच्याबरोबर मेलेल्यांचे आत्मेही येतात, अशी तिथल्या लोकांची समजूत. त्या मुलाला घरात घेण्याआधी त्याचे जंगलातले कपडे गवताच्या झोपडीसकट जाळायचे, औषधी पाल्याच्या पाण्यानं त्याला न्हाऊ घालायचं, आणि मग मागे वळून न बघता त्यानं चालत यायचं. हे विधी गावचे वैदू करत. आफ्रिकी लोकांनी स्वतः उभी केलेली छोटी झायन चर्चही प्रार्थनेनं आणि पाण्यानं असंच शुद्धीकरण करत. मोठ्या चर्चना हे सगळं कधी काळी अंधश्रद्धा वाटायचं. पण मोजक्या डॉक्टरांच्या देशात लाखो दुखावलेल्या माणसांना दुसरं कोण हात लावणार होतं? राष्ट्रबांधणीचा इतिहास लिहिताना या मातीच्या भिंतींच्या चर्चना जागा मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

गोंसाल्विश यांनी आणखी एक काम केलं. उच्च शिक्षण जवळजवळ सगळं राजधानीत एकवटलेलं होतं. मध्य आणि उत्तर भागाची जुनी तक्रार तीच होती. १९९६ मध्ये त्यांच्या पुढाकारानं बेइराला कॅथलिक विद्यापीठ सुरू झालं, पुढे नाम्पुलाला कायदा, क्वांबाला शेती, बेइराला वैद्यक अशा शाखा निघाल्या. युद्धाच्या एका कारणालाच त्यांनी वर्गखोल्या बांधून हात घातला. मला हे करारावरच्या सह्यांइतकंच मोठं वाटतं.

आता जे राहिलं ते. करारानंतर काही दिवसांतच सर्वांना माफी देणारा कायदा झाला. सत्यशोधन आयोग नेमला नाही, कुणावर खटला नाही. चर्चनंही क्षमेचा आग्रह धरला आणि कागद उघडायचा हट्ट केला नाही. मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालातही यादवी युद्ध झालं, तिथे बिशप हुआन हेरार्दी यांनी उलटा मार्ग धरला. चर्चनं युद्धातल्या अत्याचारांच्या साक्षी गोळा करून अहवाल प्रसिद्ध केला २४ एप्रिल १९९८ ला, आणि दोनच दिवसांनी हेरार्दी यांचा खून झाला. मोझांबिकच्या बिशपांना भ्याड म्हणायचा अधिकार मला नाही. पण जिच्या मुलाला मारलं त्या आईला न विचारता तिच्या वतीनं क्षमा करून टाकणं, हे मला आजही पटत नाही.

रवांडाचा उल्लेख टाळता येणार नाही. मोझांबिकमध्ये मतदान झालं त्याच वर्षी, १९९४ मध्ये, रवांडातल्या वंशसंहारात न्तारामाच्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेली माणसं वेदीसमोर मारली गेली. काही धर्मगुरू मारेकऱ्यांना सामील होते. तिथल्या राजधानीचे आर्चबिशप कित्येक वर्षं सत्ताधारी पक्षाच्या केंद्रीय समितीवर होते. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या अपराधांबद्दल क्षमा मागितली. तोच क्रूस, तेच बायबल. फरक एवढाच की रवांडाचं चर्च सत्तेच्या मांडीला मांडी लावून बसलं होतं, आणि मोझांबिकचं तिथून उठवलं गेलं होतं.

मोझांबिकमध्ये २०१३ नंतर पुन्हा बंदुका वाजल्या. द्लाकामा पुन्हा गोरोंगोझात गेले, २०१८ मध्ये तिथेच वारले. २०१९ मध्ये नवा करार झाला, आणि उत्तरेकडच्या काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून वेगळंच युद्ध पेटलेलं आहे. रेनामोचा शेवटचा तळ मात्र जून २०२३ मध्ये बंद झाला. पाच हजारांहून अधिक माजी सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली होती, त्यांतले कित्येक आता केस पिकलेले. तो तळ होता वुंदूझीला, गोरोंगोझाच्या त्याच डोंगरांत. आर्चबिशप गोंसाल्विश पहिल्यांदा तिकडे गेले त्याला तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती, आणि त्यांना जाऊन सात.