खुर्चीचा हात कधी सोडायचा?

मंडळी, खुर्च्यांवर बसून, गाणी लावून हात वर-खाली करायचे ज्येष्ठांचे वर्ग मुंबईत बरेच चालतात. त्यात करमणूक होते, खांदे मोकळे होतात. तोल मात्र सुधारत नाही. तोल सुधारायचा तर तो जरासा जायला हवा आणि आपला आपण सावरायला हवा. बसल्या जागी तो जातोच कुठे?

तोलाची खबर डोळे, आतला कान आणि तळपाय देतात. मधुमेहात तळपाय बधिर झाले की सगळी भिस्त डोळ्यांवर येते. अशी माणसं दिवसा नीट चालतात आणि रात्री दिवा न लावता बाथरूमकडे निघाली की पडतात.

वर्ग घेत असाल तर पहिल्या दिवशी प्रत्येकाला चार प्रकारे उभं करा, प्रत्येकी १० सेकंद, शेजारी माणूस ठेवून. पावलं जुळवून, मग एका पावलाची आतली कमान दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून, मग पावलं एकापुढे एक, टाच बोटांना लावून, शेवटी एका पायावर. तिसरा प्रकार १० सेकंद जमला नाही तर पडण्याचा धोका जास्त समजायचा. जिथे डगमगायला होतं, सराव तिथेच.

आधाराला प्लॅस्टिकची खुर्ची नको, ओढली की कलंडते. जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवा. घरी स्वयंपाकाचा ओटा सगळ्यांत उत्तम, तो हलत नाही. आधी दोन हात, मग एक, मग दोन बोटं, मग नुसता हात जवळ. बहुतेक जण पहिल्या पायरीवरच महिनोन्‌महिने राहतात: पकड घट्ट होते, घोटे आराम करतात.

उठबस सगळ्यांनाच चुकते. सरळ वर उठायला जातात, वजन मागेच राहतं, धपकन परत बसतात. खुर्चीच्या कडेवर या, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाका, मग उठा. बसताना मोठ्याने तीन मोजा. त्याने श्वासही कोंडत नाही. ५ वेळा जमलं की हळूहळू १० वर न्या. उठल्यावर चक्कर आली तर परत बसा आणि रक्तदाब उभ्यानेही मोजून घ्या.

मोजे घालून लादीवर व्यायाम नाही, सपाता तर नाहीच. पावसाळ्यात ओल्या छत्र्या दाराबाहेर.

मागून हाक आली की एका पायावर गर्रकन वळू नका, चार छोटी पावलं टाकून वळा. हे पक्कं झालं की चालता चालता दादरपासून चर्चगेटपर्यंतची स्टेशनं म्हणा. प्रभादेवी आठवताना पाय थांबले, तर चालण्यातच अजून सगळं लक्ष खर्च होतंय. अशांनी बोलत जिना उतरू नये, आणि स्टेशनं रोज ओट्याजवळच म्हणावीत.