सातची शाळा, अकराची झोप

(दृश्य : शाळेचं फाटक, सकाळचे पावणेसात. रिक्षातून उतरणारी मुलं, पाठीवर दप्तरं.)

८ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागानं एक शासन निर्णय काढला. पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतरच भरवावेत, असा. मुलांची झोप पुरी होत नाही, हे तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी त्याआधी डिसेंबरमध्ये जाहीरपणे बोलून दाखवलं होतं. पालकांना बरं वाटलं, शाळेच्या बसवाल्यांनी कुरकुर केली.

पण सकाळची शाळा ज्यांना खरोखर जड जाते, ती मुलं या निर्णयात नव्हतीच. पहिलीतलं पोर रविवारीही सातला टुणकन उठून बसतं. उठत नाही तो त्याचा नववीतला दादा. शिवाय इमारत एक आणि सत्रं दोन अशा शाळेत धाकटे उशिरा आले, की सकाळ थोरल्यांच्या वाट्याला येते.

(दृश्य : बंद पडदे, वाजून वाजून थांबलेला गजर. स्वयंपाकघरातून आईची हाक.)

“किती वेळा उठवायचं रे? रात्री लवकर झोपायला काय होतं?”

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचं उत्तर शोधायला सुरुवात झाली ती अमेरिकेत. १९७६च्या उन्हाळ्यात स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरी कार्स्केडन यांनी मुलांसाठी चक्क झोपेचं शिबिर भरवलं. तीच मुलं पुढच्या उन्हाळ्यांतही बोलावली. अंदाज असा होता, की वय वाढेल तशी झोपेची गरज कमी होत जाईल. रात्री १० तास अंथरुणात राहायची मुभा दिली, तेव्हा लहान-मोठी सगळीच मुलं साधारण सव्वानऊ तास झोपली. उलट मोठ्यांना तेवढं झोपूनही दिवसा जास्त पेंग येत होती.

पुढच्या संशोधनानं दुसरी बाजू उलगडली. अंधार पडल्यावर मेंदूतून मेलाटोनिन पाझरू लागतं आणि शरीराला रात्र झाल्याचा निरोप मिळतो. वयात येताना हा निरोप एक-दोन तास उशिरा पोहोचू लागतो. दिवसभर जागून झोपेची जी ओढ साठते, तीही या वयात सावकाश साठते. म्हणून साडेनऊला दिवा घालवून पडलेली चौदा वर्षांची मुलगी टक्क जागी असते. ती नाटक करत नसते. विशीच्या आसपास हे घड्याळ पुन्हा मागे सरकू लागतं.

१३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांची संघटना सांगते. आता आपला हिशेब मांडू. साडेअकराला झोप, सहाला गजर : साडेसहा तास. रोजचा दीड तास कमी धरला, तरी सोमवार ते शनिवार ९ तास होतात, म्हणजे एक अख्खी रात्र बुडाली. आणि हे किमान गरज धरून.

अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरानं २०१६मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मुलं तेवढंच उशिरा जागतील, अशी शंका होती. मोजलं, तर झोप ३४ मिनिटांनी वाढली होती. कॅलिफोर्नियानं तर कायदा केला; २०२२पासून तिथली बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आत भरत नाहीत.

आपल्याकडची सातची घंटा इतक्यात हलेल, असं दिसत नाही. मग घरात काय हलवता येईल?

(दृश्य : वन बीएचके. दिवाणखान्यातला टीव्ही, त्याच्यासमोर घातलेली गादी.)

बहुतेक सल्ल्यांत मुलाची वेगळी खोली गृहीत धरलेली असते. मुंबई-ठाण्याच्या किती घरांत ती असते? दहावीतला मुलगा हॉलमध्ये झोपतो, आणि हॉलमध्ये मालिका संपेपर्यंत टीव्ही चालू असतो. क्लास साडेनऊला सुटतो, जेवायला दहा वाजतात. या घरात एकट्या मुलाला शिस्त लावून काही होत नाही. टीव्ही दहाला बंद करायचा, तर तो सगळ्यांसाठीच. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचे, तर आईबाबांचेही तिथेच. गजरासाठी दीडदोनशे रुपयांचं साधं घड्याळ पुरतं.

पण सुरुवात रात्रीपासून करू नका. झोप हुकमावर येत नाही. उठण्याची वेळ मात्र हातात असते. ती आधी पक्की करा. उठल्या उठल्या मुलाला गॅलरीत किंवा खिडकीपाशी उजेडात आणा. दूध तिथेच द्या, वर्तमानपत्र तिथेच वाचू द्या. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ अलीकडे ओढतो, रात्रीचा पलीकडे ढकलतो. मग झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे घ्या. एकदम दोन तास नको.

खरी परीक्षा रविवारी. आठवड्याची थकबाकी असते, म्हणून मूल साडेअकरापर्यंत झोपतं, आणि मग त्या रात्री झोप येत नाही. सोमवारचा वैताग रविवारी दुपारीच शिजत असतो. रविवारी तासभर जास्त झोपू द्यावं, त्याहून फार नाही. दुपारी वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी चालेल; संध्याकाळी क्लासच्या आधी दोन तास ताणून दिली, तर रात्रीचं खोबरं.

चहाचंही तसंच. अभ्यासाला बसताना आई प्रेमानं कप ठेवते. त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही शरीरात असतो. संध्याकाळनंतर नकोच.

आणि पहाटे चारचा अभ्यास! तो पक्का लक्षात राहतो, असं आपल्याला आजीपासून ऐकवलं जातं. जी आजी नऊला झोपायची, तिचं बरोबरच होतं. बाराला झोपलेल्या मुलाला चारला उठवलं, तर पहाटेची झोपच कापली जाते. आदल्या दिवशी वाचलेलं मेंदूत पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं.

एवढं करून चार-सहा आठवड्यांत फरक पडला नाही, घोरताना श्वास अडकतोय असं वाटलं, किंवा मूल सतत उदास राहू लागलं, तर डॉक्टरांकडे जा. मेलाटोनिनच्या गोळ्या मनानं देऊ नका.

(दृश्य : भिंतीवर क्लासच्या जाहिराती. फलकावर बॅचच्या वेळा.)

सहाला उठायचं आणि आठ तास झोपायचं, तर दहाला डोळे मिटायला हवेत. साडेनऊला सुटणारा क्लास या हिशेबात बसत नाही. दहावीच्या बॅचची चौकशी नववीची परीक्षा आटोपताच सुरू होते. फी आणि निकालाचे टक्के सगळेच विचारतात. त्याआधी, शेवटचा तास किती वाजता सुटतो, ते विचारा.