न्यायाधीशांचीच झडती

(दृश्य : ड्रोन. सारांदाचा किनारा. हॉटेलांच्या रांगा, मधेच काँक्रीटचे अर्धवट सांगाडे.)

हा अल्बानियाचा दक्षिण किनारा. समोर धुक्यात दिसतंय ते ग्रीसचं कॉर्फू बेट. 2023 साली या देशात एक कोटीहून जास्त परदेशी पाहुणे येऊन गेले. देशाची स्वतःची लोकसंख्या आहे 24 लाख. म्हणजे इथे जागेला भाव आहे, गिऱ्हाईक आहे, हवाही छान आहे. नाही ते एकच. ही जमीन नक्की कोणाची, याचं सगळ्यांना मान्य होईल असं उत्तर.

1991 च्या जुलैमध्ये 7501 क्रमांकाचा कायदा झाला. सामुदायिक शेतीची फार्म मोडली गेली आणि तिथे राबणाऱ्या कुटुंबांना माणशी हिशेबाने जमीन वाटली. दोनच वर्षांनी, 1993 मध्ये, दुसरा कायदा आला. कम्युनिस्ट राजवटीने ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्या जुन्या मालकांना जमीन किंवा भरपाई परत देण्याचा. आपल्याकडे कुळाच्या नावावर सातबारा चढवून झाल्यावर दोन वर्षांनी जमीनदारालाही सरकारनेच 'तुझंही बरोबर' असं लिहून दिलं असतं, तर गावागावांत काय झालं असतं? तेच इथे झालं. दोन माणसं, दोन कागद, दोन्हींवर सरकारी शिक्का.

(दृश्य : तिरानाजवळचं बाथोरे. विटांची घरं, गच्चीवर बाहेर आलेल्या सळया.)

उत्तरेच्या डोंगरातून उतरलेली माणसं राजधानीच्या कडेला सरकारी फार्मच्या जमिनीवर घरं बांधत गेली. आधी भिंती, मग छप्पर. कागद जमले तर नंतर. त्या गच्चीवरच्या सळया पुढच्या मजल्यासाठी आहेत. मुलगा इटलीहून पैसे पाठवेल तेव्हा मजला चढेल. बँक अशा घरावर कर्ज देत नाही. वाद झालाच तर कोर्ट. आणि कोर्टाचं नाव काढलं की माणूस विचारायचा, ओळख कोणाची आहे?

(दृश्य : गवतात रुतलेले बंकर. मग तिरानाचा पिरॅमिड, म्हणजे होज्हाच्या नावाने बांधलेली पिरॅमिडच्या आकाराची इमारत, पायऱ्यांवर चढणारी मुलं.)

हे असं का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होज्हा 1944 पासून 1985 पर्यंत, मरेपर्यंत सत्तेत होता. देशभर त्याने दीड लाखाहून अधिक बंकर बांधले. शत्रू आलाच नाही. 1967 साली वकिलीचा व्यवसाय बंद करण्यात आला. आरोपीच्या बाजूने उभं राहायला कोणी नको, असा सरळ हिशेब. 1990 मध्ये वकील परत आले, पण मधल्या 23 वर्षांत एक आख्खी पिढी न्यायालय म्हणजे पक्षाचं कार्यालय, हे बघतच मोठी झाली होती.

आणि मग 1997. नव्यांच्या पैशांतून जुन्यांना भरमसाट व्याज देणाऱ्या पिरॅमिड योजना कोसळल्या. जवळपास दोन तृतीयांश जनतेचा पैसा त्यात अडकला होता. लोकांनी शस्त्रागारं फोडली. सुमारे 2,000 माणसं मेली. ज्या देशात फसवणूक करणाऱ्याला वेळेत थांबवणारं न्यायालय नव्हतं, तिथे हा पैसा परत मिळवून देणारं तरी कुठून येणार?

(दृश्य : संसद, रात्र. मतदानाचा फलक.)

22 जुलै 2016. मध्यरात्र उलटून गेली आहे. सरकार समाजवादी एडी रामा यांचं, आणि विरोधी पक्षाशी एरवी एका गोष्टीवर एकमत होणं कठीण. अमेरिकेने आणि युरोपीय संघाने महिनोन्‌महिने दोघांच्याही मागे तगादा लावलेला. त्या रात्री घटनादुरुस्तीच्या बाजूने मतं पडली 140. विरोधात शून्य. सभागृहाची सदस्यसंख्याही तेवढीच.

ठरलं ते असं. देशातल्या प्रत्येक न्यायाधीशाची आणि सरकारी अभियोक्त्याची तपासणी होणार. सुमारे 800 माणसं. एकालाही वगळायचं नाही. तिथले लोक याला सरळ 'व्हेटिंग' म्हणतात.

(दृश्य : सुनावणी. टेबलावर फायलींचा ढीग. एक हात पानं उलटतो.)

इथे जरा थांबू, कारण खरी गंमत या टेबलावर आहे.

तपासणीच्या बाजू तीन. मालमत्ता, गुन्हेगारी संबंध आणि कामाची लायकी. पण जवळपास सगळं अडायचं ते पहिल्या ठिकाणी. न्यायाधीशाने सांगायचं की फ्लॅट कधी घेतला, कितीला घेतला, पैसा कुठून आणला. सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर. तपासणाऱ्याने चोरी शोधून काढायची नाही, तर समोरच्याने स्वच्छ असल्याचे कागद मांडायचे. फौजदारी खटल्यात हे चाललं नसतं. पण हा खटला नव्हता. प्रश्न नोकरीवर राहायचं की नाही, एवढाच होता.

नियम बारीक होते. कायदेशीर कमाईतून दिसते त्याच्या दुपटीहून जास्त मालमत्ता सापडली, तर उलट सिद्ध करून दाखवेपर्यंत माणूस दोषी धरायचा. बायकोची, नवऱ्याची मालमत्ता धरायची. कोणी उसने दिले असतील तर त्या देणाऱ्याकडे तेवढे पैसे होते का, तेही बघायचं. आणि कमाई कायदेशीर म्हणजे तिच्यावर कर भरलेला असला पाहिजे.

(दृश्य : जवळून. जुना करारनामा, ग्रीक भाषेतली पावती.)

या शेवटच्या अटीने भलेभले आडवे झाले. नव्वदच्या दशकात अल्बानियातलं क्वचितच एखादं घर असेल, ज्यातला माणूस ग्रीसला किंवा इटलीला गेला नव्हता. हातावर मजुरी, रोख पैसे, पावती कसली? त्याच पैशांतून भावाने बहिणीला फ्लॅट घेऊन दिला, आणि बहीण होती न्यायाधीश. पैसा घामाचा होता की लाचेचा, हे तो कागद सांगत नाही. ही तपासणी करणाऱ्या आयोगाने कागद पाहिला. आमच्या मते दुसरा मार्गही नव्हता. 'भावाने दिले' हे उत्तर सरसकट मान्य केलं असतं, तर एकही माणूस घरी गेला नसता.

मागच्या रांगेत बसलेले ते लोक पाहा. ते युरोपीय संघाच्या आणि अमेरिकेच्या सहभागाने नेमलेले निरीक्षक. निकाल पटला नाही तर त्याविरुद्ध अपील व्हावं, अशी शिफारस त्यांना करता येत होती. घरातल्यांनी एकमेकांना वाचवायचं ठरवलं तरी बाहेरची नजर जागी राहावी, यासाठी ही सोय.

पदावरून काढलेल्या, घटना न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. फेब्रुवारी 2021 मध्ये निकाल अल्बानियाच्या बाजूने लागला. तपासणी न्याय्य होती, असं न्यायालय म्हणालं. याच स्ट्रासबर्गने 2012 मध्ये जुन्या मालकांची भरपाई वर्षानुवर्षं थकवल्याबद्दल अल्बानियाला खडसावलं होतं, हेही नोंदवायला हवं.

2024 च्या अखेरीस पहिल्या फेरीचं काम संपलं. 800 पैकी निम्म्याहून कमी जण खुर्चीवर टिकले. बाकीचे बडतर्फ झाले, किंवा सुनावणीआधीच राजीनामा देऊन निघून गेले.

(दृश्य : संग्रहातलं चित्रण. 17 मे 2020, पहाट. राष्ट्रीय नाट्यगृह, बुलडोझर, पोलिसांची साखळी.)

ही पहाट मात्र दाखवायलाच हवी. तिरानाचं राष्ट्रीय नाट्यगृह. दोन वर्षांहून अधिक काळ कलावंत ते वाचवायला झटत होते. करोनाच्या दिवसांत पहाटे पोलीस आले आणि इमारत पाडली. दाद मागायची ती घटना न्यायालयाकडे. आणि तपासणीमुळे ते न्यायालय तेव्हा रिकामं होतं. नऊ जागांपैकी मधल्या काळात एकच न्यायाधीश उरला होता, आणि गणसंख्या भरायला 2020 चं वर्ष संपावं लागलं. 2021 मध्ये न्यायालयाने ठरवलं की नाट्यगृहाबाबतचे सरकारी निर्णय घटनाबाह्य होते. तोवर तिथे मोकळं मैदान होतं.

(आवाज बंद. चित्रण 12 सेकंद तसंच चालू द्यावं.)

(दृश्य : विशेष अभियोक्ता कार्यालयाचं प्रवेशद्वार. कॅमेऱ्यांची गर्दी.)

या न्यायसुधारणेचा दुसरा भाग हा. 'स्पाक'. भ्रष्टाचार आणि संघटित गुन्हेगारीसाठीची वेगळी अभियोक्ता संस्था, 2019 च्या डिसेंबरपासून. इथे नोकरी हवी असेल तर स्वतःचा फोन आणि बँक खातं देखरेखीखाली राहील, याला संमती द्यावी लागते. घरच्यांचंही. एवढी किंमत मोजून माणसं येतात, आणि मग या दारात कॅमेरे जमतात. माजी राष्ट्राध्यक्ष इलिर मेता यांना ऑक्टोबर 2024 मध्ये अटक झाली. माजी पंतप्रधान साली बेरिशा यांच्यावर आरोप ठेवले गेले. तिरानाचे महापौर एरिओन वेलिआय यांना फेब्रुवारी 2025 मध्ये अटक झाली, आणि ते तर सत्ताधारी पक्षाचे. तिघेही आरोप नाकारतात. खटल्यांचं काय व्हायचं ते होईल, पण दहा वर्षांपूर्वी या दारापर्यंत यांच्यापैकी कोणी येईल, असं तिरानात कोणी म्हटलं नसतं.

(दृश्य : द्युरेस बंदर, क्रेन. मग राजधानीतले नवे टॉवर.)

पैशाचं काय? युरोपीय संघाची सरासरी 100 धरली, तर किमतींचा फरक जमेला धरून अल्बानियाचं दरडोई उत्पन्न आज साधारण 35. त्याच कम्युनिस्ट जगातून निघालेला स्लोव्हेनिया 90 च्या घरात. आकडा वर सरकतो आहे, त्यात पर्यटनाचा आणि या टॉवरांचा वाटा मोठा. न्यायालयांचा किती, ते सुटं काढून दाखवता येत नाही. बाकी, खुर्च्या रिकाम्या झाल्याची झळ बसलीच. सर्वोच्च न्यायालयात मधल्या काळात 30 हजारांहून अधिक प्रकरणं तुंबली, आणि सहा अपील न्यायालयांचं 2023 मध्ये एकच केलं, ते तिरानात.

(दृश्य : ब्रुसेल्स. झेंडे, हस्तांदोलन.)

युरोपीय संघाशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी जुलै 2022 मध्ये सुरू झाल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये विषयांचा पहिला गट उघडला. त्यातच न्यायव्यवस्था येते. हा गट सगळ्यात आधी उघडतो आणि सगळ्यात शेवटी बंद होतो, हा ब्रुसेल्सचा नियम. रामा सरकारने सदस्यत्वासाठी 2030 सालाचं लक्ष्य ठेवलं आहे. तोवर रिकाम्या खुर्च्यांवर नवे न्यायाधीश बसवायचे आहेत. ते तिरानाच्या न्यायाधीश प्रशिक्षण शाळेतून येतात, आणि एक तुकडी तयार व्हायला तीन वर्षं लागतात.